एक, दोन, तीन, सरक! वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

नव्या बॅचला मी पहिल्या दिवशी लिफ्टर, म्हणजे पेशंटला झोळीत बसवून उचलणारं मशीन, दाखवत नाही. आधी विचारते, "घरी गॅसचा सिलिंडर कोण उचलतं?" बहुतेकींचं उत्तर एकच असतं, "उचलत नाही मॅडम, तिरका करून गोल फिरवत नेतो." बरोबरच आहे. भरलेला सिलिंडर 29-30 किलोचा. त्याला धरायला वर कडं असतं, तो मध्येच झटका देत नाही, घाबरून तुमच्या गळ्याला मिठी मारत नाही. तरीही तुम्ही तो उचलत नाही. मग 65 किलोच्या आजोबांना दोन्ही काखांत हात घालून का उचलता?

कारण तसंच करताना पाहिलेलं असतं. मीही तेच पाहिलं होतं आणि पहिली पाच वर्षं तेच केलं. एका नाइटला कॉटच्या पायथ्याशी घसरलेल्या पेशंटला काखेतून ओढून वर घेतलं. त्यांचा खांदा दुखावला आणि माझी कंबर धरली. त्यांचा खांदा महिनाभराने बरा झाला, माझी कंबर पावसाळ्यात अजून आठवण करून देते.

थोडे आकडे आधी सांगते, कारण ते डोक्यात असले की पुढचं सगळं पटतं. अमेरिकेत नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे. तिच्या सूत्रात सगळं अगदी आदर्श असेल तर एका माणसाने 23 किलोपर्यंत उचलावं असं धरलं आहे. पण ते खोक्यांसाठी. पेशंट हलवताना ही मर्यादा 35 पौंड, म्हणजे साधारण 16 किलो धरावी, असं त्याच संस्थेतल्या थॉमस वॉटर्स यांनी 2007 मध्ये मांडलं. म्हणजे जवळपास रिकामा सिलिंडर. आता हिशोब करा. माणसाचा एक अख्खा पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका असतो. 90 किलोच्या पेशंटचा पाय झाला 15 किलोचा. त्यावर प्लास्टर असेल तर तो एक पाय धरून ठेवण्यातच तुमची मर्यादा संपली.

"पण दोघींनी मिळून उचललं तर?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मारस आणि सहकाऱ्यांनी पेशंट हलवताना कण्यावर किती भार येतो ते मोजलं आणि 1999 मध्ये प्रसिद्ध केलं. दोघांनी उचललं तरी कंबरेचा धोका जात नाही, असं त्यात दिसलं. "पाठ सरळ ठेवा, गुडघे वाकवा" हे खोटं नाही, पण कॉटवर आडव्या पडलेल्या माणसापाशी तुम्हाला वाकून, हात लांब करूनच काम करावं लागतं. वजन अंगापासून जितकं लांब, तितका कंबरेवर ताण जास्त. त्यामुळे माझ्या वर्गात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते: पेशंट उचलायचा नसतो. तो सरकवायचा, वळवायचा, आणि सरकवून भागत नसेल तर मशीनने उचलायचा.

आधी सामान कुठे आहे ते शोधा

नवीन वॉर्डात ड्यूटी लागली की औषधांच्या ट्रॉलीइतक्याच आस्थेने ही चौकशी करा: स्लाइड शीट कुठल्या कपाटात आहे, ट्रान्सफर बोर्ड कुठे टेकवून ठेवलाय, लिफ्टर कुठे आहे, आणि स्टोअरची किल्ली रात्री कोणाकडे असते. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लाखभर रुपयांचा लिफ्टर प्लास्टिकच्या कव्हरखाली, किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरला कुलूप, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

स्लाइड शीट म्हणजे गुळगुळीत नायलॉनचं कापड. काही नळीसारखी शिवलेली असतात, काही सपाट. सपाट असतील तर दोन एकावर एक घालायची. ड्रॉ शीट ही साधी सुती चादर. ती वळवायला चालते, पण सरकवताना गादीला चिकटते आणि पेशंटची कातडी घासते. ट्रान्सफर बोर्ड किंवा पॅट स्लाइड हा माणसाएवढा लांब, गुळगुळीत प्लास्टिकचा फळा, कॉट आणि ट्रॉली यांच्यातल्या फटीवर पूल म्हणून ठेवायचा. कंबरेचा पट्टा हा जो पेशंट थोडाफार उभा राहू शकतो त्याच्यासाठी. तो आधारासाठी असतो, त्याला धरून पेशंट उचलायचा नाही. आणि लिफ्टर. आमच्या मावशी, म्हणजे वॉर्डातल्या आयाबाई, त्याला पाळणा म्हणतात. हे नाव मी मुद्दाम चालू ठेवलंय, कारण पेशंटला "लिफ्टर लावतो" म्हटलं की तो घाबरतो, "पाळण्यात बसवतो" म्हटलं की हसतो.

हात लावण्याआधीचं एक मिनिट

पेशंटला विचारा. "आजी, तुम्हाला वर सरकवायचंय, जरा मदत कराल?" यातून दोन गोष्टी कळतात: त्या शुद्धीवर, ऐकण्याच्या मनःस्थितीत आहेत का, आणि अंगात किती जोर आहे. पाय दुमडून टाचा गादीत रोवता येत असतील तर अर्धं काम त्याच करतील. करू शकणाऱ्या माणसाचं काम आपण करून टाकू नये. त्याचे स्नायू लवकर सुकतात.

मग वजन. केसपेपरवर नसेल तर नातेवाइकांना विचारा. मग नळ्या: सलाइन, युरोबॅग (लघवीची पिशवी), रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी), आयसीडी (छातीतून हवा-पाणी काढणारी), ऑक्सिजन. ज्या बाजूला पेशंट जाणार, त्या बाजूला नळ्या आधी. युरोबॅग मूत्राशयाच्या वर जाऊ देऊ नका आणि छातीची आयसीडीची बाटली पेशंटच्या पातळीच्या खालीच ठेवा. रायल्समधून फीड चालू असेल तर कॉट सपाट करण्याआधी ते थांबवा. मग ब्रेक. कॉटचे, ट्रॉलीचे, व्हीलचेअरचे, प्रत्येकाचे, हाताने हलवून बघा. सरकारी वॉर्डातल्या जुन्या कॉटचा ब्रेक लागलेला दिसतो पण लागलेला नसतो.

मणक्याला इजा असल्याचा संशय असेल तर इथेच थांबा. तिथे लॉग रोल करायचा, म्हणजे डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून पेशंटला ओंडक्यासारखं एकदम वळवायचं, किमान चार जण लागतात, डोकं धरणारा हुकूम देतो, आणि हे डॉक्टर किंवा अनुभवी सिस्टर समोर असल्याशिवाय नवख्याने करायचं नाही.

कॉटवर वर सरकवणं

दिवसातून सगळ्यात जास्त वेळा हेच करावं लागतं, आणि कंबरा यातच जातात. डोक्याकडची बाजू उंच केलेली असते, पेशंट हळूहळू खाली घसरत येतो. घसरताना कातडी गादीला चिकटून मागे राहते आणि हाड पुढे जातं, त्यामुळे माकडहाडाशी बेडसोरची सुरुवात होते. म्हणून घसरला की वर घ्यायचा, पण ओढून घेतला तर कातडीचं तेच नुकसान पुन्हा होणार. इथे स्लाइड शीट लागते.

पेशंटला कुशीवर वळवा. शीट अर्धी गुंडाळून पाठीशी खोचा, खांद्यापासून मांड्यांपर्यंत यायला हवी. दुसऱ्या कुशीवर वळवून उरलेली ओढून सपाट करा. कॉट सपाट करा, पेशंटला दम लागत असेल तर जेवढी झेपेल तेवढीच. उशी काढून डोक्याकडच्या दांड्याला उभी टेकवा. डोकं जाऊन आपटलंच तर उशीवर आपटेल. दोघी दोन बाजूंना, पेशंटच्या कंबरेच्या रेषेत उभ्या. एक पाय डोक्याकडे, एक पायाकडे, म्हणजे चालताना मध्येच थांबल्यासारखं. शीटची कड पेशंटच्या अगदी जवळ धरा. हातांनी ओढू नका. मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर घ्या, शीट आपोआप येते.

आता हुकूम. "एक, दोन, तीन!" म्हटल्यावर कधी हलायचं? तीनवर, की तीन झाल्यावर? माझ्या वर्गात हा प्रश्न विचारला की हात दोन्ही बाजूंना वर होतात. एकीने तीनवर ओढलं आणि दुसरी तीन संपायची वाट बघत राहिली तर सगळं वजन पहिलीच्या कंबरेवर येतं आणि पेशंट तिरका होतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे: एकच माणूस मोजेल, आणि हलायचं ते "सरक" या शब्दावर. "एक, दोन, तीन, सरक!" मामा (वॉर्डबॉय) असोत, मावशी असोत, डॉक्टर असोत, मोजणारी एकच. मोजायला ज्येष्ठ असायला हवं असं नाही, पेशंटच्या डोक्याशी कोणी उभं असेल तर त्याने मोजावं. एकदम डोक्यापर्यंत नेण्याच्या नादात पडू नका, दोन-तीन छोट्या सरकांत न्या.

काम झालं की शीट काढून घ्या. पेशंटखाली ती ठेवली तर तो पुन्हा घसरेल, कधीकधी कॉटवरून खालीसुद्धा. काढताना खालच्या थराची कड धरून स्वतःवरच दुमडत, जमिनीला समांतर ओढली की पेशंटला कळतही नाही. शीट एका पेशंटची दुसऱ्याला लावायची नाही, मध्ये ती धुवायला जाते.

एक अडचण मान्य करते. आपल्याकडच्या बऱ्याच कॉट हाताने फिरवायच्या असतात. डोकं आणि गुडघे वर होतात, कॉटची उंची बदलतच नाही. उंच सिस्टरला वाकावंच लागतं. अशा वेळी पाय आणखी फाकवा, गुडघ्यांतून खाली या, आणि कॉटच्या कडेपर्यंत जवळ जा. हॉस्पिटल नव्या कॉट घेत असेल तर "उंची बदलणारी घ्या" हे वॉर्डातून लेखी जायला हवं. खरेदीच्या मीटिंगमध्ये हे सांगणारं सहसा कोणी नसतं.

कॉटवरून ट्रॉलीवर

चादरीची चार टोकं धरून "हैय्या!" करत पेशंट उचलून टाकण्याची पद्धत अजून सर्रास चालते. वॉर्डाच्या चादरी शंभर वेळा उकळलेल्या असतात, त्या फाटतात. बोर्ड वापरा.

ट्रॉली कॉटला चिकटवा, उंची जुळवा, जमल्यास ट्रॉली बोटभर खाली. दोन्हींचे ब्रेक लावा. पेशंटला ट्रॉलीच्या उलट बाजूला थोडं वळवून बोर्ड त्याच्या अंगाखाली साधारण एक तृतीयांश जाईल असा घाला, वर स्लाइड शीट. परत पाठीवर, हात छातीवर. डोक्याशी एक, पायांशी एक, ट्रॉलीच्या बाजूला दोघं, कॉटच्या बाजूला एक. सरक दोन टप्प्यांत: आधी ट्रॉलीच्या कडेपर्यंत, मग हातांची पकड बदलून ट्रॉलीच्या मध्यावर. एकाच दमात ओढायला गेलं की ट्रॉलीकडचे दोघं कंबरेतून वाकतात. ओटीमधून आलेल्या, स्पायनल (पाठीतून देऊन कंबरेखालचं अंग बधिर करणारं इंजेक्शन) दिलेल्या पेशंटचे पाय त्याला जाणवत नसतात, बोर्डाच्या कडेत टाच अडकलेली तो सांगणार नाही. तुम्ही बघा.

कॉटवरून खुर्चीत

हे फक्त पायांवर थोडं तरी वजन घेता येणाऱ्या पेशंटसाठी. कडेला बसवून दोन-तीन मिनिटं पाय खाली सोडू द्या. चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधार असेल तर परत आडवं करा आणि बीपी बघा. कित्येक पडण्यांचं कारण हे दोन मिनिटांचं न थांबणं असतं.

अर्धांगवायू झालेल्या पेशंटची खुर्ची चांगल्या बाजूला ठेवा, तो तिकडे वळतो. दुबळ्या हाताला धरून कधीही ओढू नका. त्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, तो सांध्यातून निसटतो. कंबरेचा पट्टा बांधा. पेशंटने तुमच्या गळ्यात हात घालू नये, हे त्याला आधीच सांगा. त्याचे हात खुर्चीच्या हातावर किंवा तुमच्या कोपराशी. पाय अनवाणी नकोत आणि गुळगुळीत चप्पलही नको. आणि उभं राहताच "थोडं थांबा, श्वास घ्या" म्हणा, मग वळवा.

पाळणा

ज्याला पायांवर वजन घेता येत नाही, त्याच्यासाठी लिफ्टर. वेळ लागतो म्हणून टाळला जातो. सवय झाली की फार वेळ लागत नाही, पण कुठेही घाई करू नका.

पहिल्यांदा लिफ्टरवरची पाटी वाचा: किती किलोपर्यंत. मग झोळीवरची पाटी: तिचा साइज आणि वजन. दोन्हींपैकी जो आकडा कमी, तोच तुमचा. झोळी उजेडात धरून शिवण, पट्टे, लूप बघा. धागा सुटलेला, पाटी पुसून गेलेली किंवा ब्लीचने कडक झालेली झोळी वापरायची नाही, बाजूला काढून बायोमेडिकलला (उपकरणं सांभाळणाऱ्या विभागाला) कळवायचं. मोठ्या साइजच्या झोळीतून लहानखुरा पेशंट निसटतो. "मोठी म्हणजे सुरक्षित" हा गैरसमज जीवघेणा आहे.

झोळी घालताना पेशंटला कुशीवर वळवा, खालची कड माकडहाडाशी, वरची कड खांद्यांच्या वर. पायांचे पट्टे मांड्यांखालून घेऊन आत वर काढा आणि एकमेकांतून ओलांडून घ्या, म्हणजे मांड्या एकत्र राहतात आणि लाजही राखली जाते. वळी पडलेली नाही ना, हात फिरवून बघा. लिफ्टरचे खालचे पाय पूर्ण फाकवा. आडवा दांडा खाली आणताना एका हाताने धरा, तो पेशंटच्या कपाळाला लागतो. लूप अडकवताना डावी-उजवी बाजू एकाच रंगाची. खांद्याचे लूप आखूड आणि पायांचे लांब घेतले की पेशंट बसता राहतो, उलट केलं की मागे रेलतो.

आता चार बोटं वर घ्या आणि थांबा. चारही लूप ताणलेले आहेत? नळ्या मोकळ्या? पेशंट ठीक? मगच पुढे. हे थांबणं मी परीक्षेत बघते, आणि न थांबणारी कितीही हुशार असली तरी नापास.

उचलताना आणि खाली सोडताना लिफ्टरचे ब्रेक बहुतेक कंपन्या मोकळे ठेवायला सांगतात, कारण वजन आलं की लिफ्टर स्वतःचा तोल शोधत थोडा सरकतो. ब्रेक लावलेला असेल तर तो सरकण्याऐवजी कलतो. खुर्चीचे ब्रेक मात्र लावलेले. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचून वॉर्डात मराठीत लिहून चिकटवा. पेशंटचं तोंड लिफ्टर चालवणाऱ्याकडे, म्हणजे बोलत राहता येतं. लटकत्या पेशंटला घेऊन कॉरिडॉर पार करायचा नाही. लिफ्टर वाहन नाही, खुर्ची कॉटजवळ आणा. खाली सोडताना एकीने झोळीची मागची पकड धरून पेशंटला खुर्चीत खोलवर बसवा, नाहीतर तो काठावर बसतो आणि पाच मिनिटांत घसरतो.

लिफ्टर चालत नसेल तर टेक्निशियनला फोन करण्याआधी लाल बटण, म्हणजे मशीन तातडीने बंद करायचं, बघा. कोणीतरी दाबून ठेवलेलं असतं. त्यानंतर बॅटरी. पेशंट वर असताना लाइट गेली किंवा बॅटरी संपली तर हाताने हळूहळू खाली सोडायची सोय असते. ती कुठे आहे हे पेशंट वर असताना शोधायचं नसतं, आधी रिकाम्या लिफ्टरवर दोनदा करून बघायचं.

ब्रिटनला जाण्याचा विचार करणाऱ्यांनी हा भाग नीट पाठ करावा. तिथे हाताने ओझं हलवण्याबाबतचे नियम 1992 पासून आहेत आणि माणसं उचलणाऱ्या उपकरणांची, झोळीसकट, साधारण दर सहा महिन्यांनी सक्षम माणसाकडून तपासणी करावी लागते, ही अट 1998 च्या नियमांत आहे. कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये हॉस्पिटलांसाठी वेगळा कायदाच केला. तिथे "मी एकटीने उचललं" ही शाबासकीची गोष्ट नाही, चौकशीची आहे.

पेशंट पडायला लागला तर

झेलू नका. हे ऐकायला निर्दय वाटतं. पण पडता माणूस झेलणं म्हणजे सगळं वजन, वळलेल्या कंबरेवर, एका क्षणात. त्याच्या मागे जवळ या, त्याला तुमच्या अंगावरून खाली घसरू द्या, डोकं सांभाळा. खाली बसल्यावर लगेच उठवायची घाई नको. आधी डॉक्टरांना बोलवा, इजा तपासू द्या, मग पाळणा आणा.

हे शिकवायची वेळ तुमच्यावर आली तर

सहा महिन्यांत तुम्हाला नवी बॅच शिकवावी लागेल, म्हणून सांगून ठेवते. फळ्यावर काही लिहू नका. प्रत्येकीला आधी कॉटवर आडवं करा आणि बाकीच्यांना तिला सरकवू द्या. सुती चादरीने एकदा, स्लाइड शीटने एकदा. मग प्रत्येकीला झोळीत बसवून चार बोटं वर घ्या. पाय जमिनीपासून सुटल्यावर पोटात जे होतं ते कळलं की पेशंटशी बोलायला वेगळं शिकवावं लागत नाही. पुरुष ब्रदर सगळ्यात जास्त ओरडतात, हा माझा अनुभव.

मावशी आणि मामांना त्याच वर्गात बसवा. रात्री दोन वाजता तुमच्या समोर शीटची दुसरी कड धरणारे तेच असतात, आणि त्यांना "सरक" माहीत नसेल तर तुमचं शिक्षण फुकट. रोज कुशी बदलणाऱ्या नातेवाइकांनाही कुशीवर वळवणं दाखवा. एका दिवसाच्या वर्गावर सही करून प्रमाणपत्र देऊ नका. वॉर्डात, खऱ्या पेशंटवर, तीन वेळा बरोबर करताना पाहिल्यावर सही करा. दोन-तीन महिन्यांनी हँडओव्हरच्या (ड्यूटी बदलण्याच्या) वेळी पंधरा मिनिटं उजळणी घ्या, कारण तोवर काखेत हात घालणं परत सुरू झालेलं असतं.

कंबर धरलीच तर

त्याच ड्यूटीत इन्चार्जला सांगा आणि नोंद करा: कुठला पेशंट, काय करताना, किती जण होते, कुठलं उपकरण हाताशी नव्हतं. दुखणं घरी नेऊन बाम चोळत बसलात तर वॉर्डाच्या कागदांवर तुमची कंबर कधी दुखलीच नाही. साधं आखडलेलं दुखणं असेल तर पूर्ण अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं चालत राहा. पण पायातला जोर गेला, बैठकीच्या जागेशी बधिर वाटू लागलं, किंवा लघवी अडली, तर ड्यूटी संपायची वाट न बघता त्याच क्षणी कॅज्युअल्टीत जा, आणि जाताना चालत नाही, व्हीलचेअरवर.